लाल ठिपक्याची गोळी

व्लास्टाबाईंची गाडी मी थांबवली ती मागचा एक दिवा जळत नव्हता म्हणून. या सगळ्या प्रकरणात एवढी एक गोष्ट तरी सरळ आहे. त्यानंतर मी जे केलं त्यात नियम किती होता आणि माझी भीती किती होती, हे मला आजही धड सांगता येणार नाही.

सकाळचे अकरा वाजले होते. त्यांची जुनी निळी पिकअप मी लांबूनच ओळखली. हाल्बर्ट काउंटीत ती गाडी ओळखत नाही असा माणूस नाही. चर्चच्या स्वयंपाकघरातून गरम जेवणाचे डबे घेऊन त्या रोज शेतांमधल्या अकरा घरी जात. स्वतः एकाहत्तर वर्षांच्या, पण म्हणायच्या, 'म्हाताऱ्यांना जेवण पोचवते.' त्याआधी सत्तावीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. त्या बसमध्ये मी आठ वर्षं बसलो आहे.

त्यांच्या बसचा एक कायदा होता. ज्याने काही उद्योग केला असेल त्याने उतरायच्या आधी पुढे त्यांच्याजवळ येऊन उभं राहायचं आणि काय केलं ते शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं. तोवर दार उघडत नसे. मी चौथीत असताना मारेकच्या पोराचं दप्तर खिडकीतून फेकलं होतं. कबूल करायला मला चार थांबे लागले आणि सगळी बस उशिरा घरी पोचली.

तर मी पोलीसगाडीचे लाल-निळे दिवे लावले, त्यांनी गाडी कडेला घेतली. मी खिडकीशी जाईपर्यंत त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि दोन बोटांत दोन कार्डं धरलेली होती, एक गाडी चालवायच्या आणि एक पिस्तुलाच्या परवान्याचं.

"डेल्बर्ट, मी काय केलं आता?"

"मागचा डावा दिवा गेलाय, व्लास्टाबाई."

"एवढंच ना? नवा बसवते आज. एमिलचं जेवण गार होतंय, जाऊ दे मला."

"पिस्तूल आहे जवळ?"

"नेहमीच्याच जागी. एप्रनखाली. तुला काय माहीत नाही?"

मला माहीत होतं. कशासाठी आहे तेही माहीत होतं. पेकन ओढ्याच्या वळणावर एकजण दोन दांडगी कुत्री मोकळी सोडून राहायचा. त्यांनी पोस्टाच्या बाईला चावा घेतला होता, आमच्याकडे तीन तक्रारी आल्या होत्या आणि त्यांतल्या दोन वेळा मीच जाऊन त्या माणसाला ताकीद देऊन आलो होतो. ताकीद कुत्र्यांना काही कळली नाही. एमिलचं घर त्या वळणाच्या पुढचंच.

पण महिनाभरापूर्वी शेजारच्या काउंटीत गाडी थांबवताना एका पोलिसाला गोळी लागली होती. मारणाऱ्याकडे परवाना नव्हता आणि पिस्तूल जवळ आहे हे त्याने सांगितलंही नव्हतं. तरी आमच्या शेरीफसाहेबांनी हुकूम काढला की यापुढे परवानावाला असो, कोणी असो, गाडी थांबवली की आधी शस्त्र काढून घ्यायचं. म्हणजे जे खरं सांगतात तेवढ्यांचं काढून घ्यायचं. वर आमच्या सगळ्या गाड्यांत नवे कॅमेरे बसले होते. दिवे लावले की कॅमेरा आपोआप सुरू. मला सार्जंटच्या जागेवर बढती हवी होती आणि कॅमेरा माझ्या पाठीकडे बघत होता.

"खाली उतरा आणि माझ्या गाडीसमोर येऊन उभ्या राहा," मी म्हटलं. "हात बॉनेटवर."

"माझे?"

"सगळ्यांचेच. हुकूम आहे."

त्या उतरल्या. गुडघा धरत चालत आल्या. ऑगस्टचं ऊन, बॉनेट तव्यासारखं तापलेलं. त्यांनी हात ठेवले, चटका बसला तसे उचलले आणि परत ठेवले. त्यांची बोटं सांधेदुखीने वाकडी झालेली मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली.

"तुला घरी सोडून सोडून माझ्या बसचे टायर झिजले," त्या म्हणाल्या, "आणि तू मलाच घाबरायला लागलास?"

"घाबरत नाही. नियम आहे."

"जर्दाळू भरलेली गोड पावाची कोलाची ठेवली होती एक तुझ्यासाठी. आता देत नाही."

मी एप्रनखालून पिस्तूल काढलं. लहानसं, जुनं, निगा राखलेलं. मॅगझिन बाहेर काढलं, वरचा भाग मागे ओढला आणि नळीतली गोळी उडून माझ्या तळहातात आली. तिच्या बुडाला लाल ठिपका होता. एरवी अशी निघालेली गोळी मी परत मॅगझिनमध्ये ढकलतो, म्हणजे हरवत नाही. पण त्यांचं मॅगझिन आधीच भरलेलं होतं, सहाच्या सहा, सातवीला जागा नव्हती. म्हणून मी ती सदऱ्याच्या खिशात टाकली. जाताना हातात देऊ, असं मनात म्हटलं. पिस्तुलाचा नंबर तपासून घेतला. चोरीचं नव्हतं. कसं असेल?

आणि नेमका वायरलेस बोलायला लागला. हायवेवर गुरं आली होती, एक ट्रक घसरून आडवा झाला होता. मी पिस्तूल आणि मॅगझिन वेगवेगळं त्यांच्या हातात दिलं, नियमाप्रमाणे बजावलं, "मी निघून गेल्याशिवाय भरू नका." आणि कॅमेऱ्यासाठी मोठ्याने विचारलं, "सगळं मिळालं ना?"

"मिळालं रे बाबा. जा."

आरशात मला दिसलं, त्यांनी मॅगझिन तळव्याने दाबून आत बसवलं आणि पिस्तूल एप्रनखाली ठेवलं. मग वळण आलं. दुपारी बसल्या बसल्या खिशातलं काहीतरी टोचायला लागलं, तसं मी ते न बघताच काढून गाडीत कप ठेवायच्या खळग्यात टाकलं. संध्याकाळी अहवालात 'परत दिलेल्या वस्तू' या रकान्यापुढे 'सर्व' असं लिहिलं.

पाचव्या दिवशी एमिलच्या घरून फोन आला. मी बारा मिनिटांत पोचलो. व्लास्टाबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या उजव्या हाताला टॉवेल गुंडाळला होता आणि तो टॉवेल मूळचा कोणत्या रंगाचा होता हे कळत नव्हतं. एक कुत्रं अंगणात मरून पडलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांचा एमिल फावडं हातात धरून उभा होता. ते फावडं कुठे ठेवायचं असतं हेच तो विसरला होता. जेवणाचा डबा उघडा पडला होता आणि सॉसेज नि बटाटे मातीत मिसळले होते.

"डेल्बर्ट," त्या म्हणाल्या, "चाप ओढला रे मी. वेळेवर ओढला. नुसतं टक् झालं."

त्यांना रुग्णवाहिकेत घातलं. सार्जंट टकर आले, त्यांनी पिस्तूल उचललं आणि उघडून बघितलं.

"मॅगझिन फुल्ल आणि नळी रिकामी," ते म्हणाले. "वरची गोळी चढवलीच नव्हती म्हातारीने. विसरली असणार."

मी म्हटलं, "हं."

तेव्हाच मला कळलं होतं. तरीही मी 'हं' म्हटलं. पुढचं सगळं त्या एका 'हं'ने केलं. मी माझ्या गाडीशी गेलो. खळग्यात च्युइंगगमच्या पाकिटाशेजारी ती पडली होती, लाल ठिपका वर करून. मी तिच्यावर रुमाल टाकला. वा रे पोलीस.

मी स्वतःला बरंच काही समजावलं. मॅगझिन बसवल्यावर वरचा भाग एकदा मागे ओढायचा असतो हे पिस्तूल बाळगणाऱ्याला ठाऊक असायला नको का? परवाना घेताना शिकवतात. मी सांगायला हवं होतं असं कोणत्या नियमात आहे? वकिलाने केला असता तसा युक्तिवाद मी रोज आंघोळ करताना करत होतो. आणि रोज तो त्या वाकड्या बोटांपाशी येऊन अडकत होता. मी ती बोटं बघितली होती ना.

पुढच्या सोमवारी शेरीफसाहेबांनी सगळ्यांना बोलावलं आणि पडद्यावर एक चित्रण लावलं. माझंच. "गाडी कशी थांबवायची ते डेल्बर्ट ह्रुस्काकडून शिका," ते म्हणाले. "शांत आवाज, हात बॉनेटवर, शस्त्र ताब्यात, शस्त्र परत. एक शब्द जास्त नाही." मी सगळ्यांबरोबर बघत बसलो. गोळी खिशात टाकताना माझी पाठ कॅमेऱ्याकडे होती, त्यामुळे ते दिसलंच नाही. व्लास्टाबाई हात उचलतात आणि परत ठेवतात तेवढं मात्र स्वच्छ दिसलं. पोरांनी माझ्या खांद्यावर थापा मारल्या. 

गावात वेगळंच शिजत होतं. बेकरीत रांगेत उभा असताना माझ्यापुढच्या दोघी बोलत होत्या.

"व्लास्टाचं डोकं चालेनासं झालंय म्हणे."

"पिस्तूल घेऊन फिरत होती, भरलेलं आहे की नाही तेही आठवत नव्हतं. चर्चने डब्यांचं काम काढून घेतलं."

"निदान स्वयंपाकघरात तरी ठेवायचं होतं."

"गॅस चालू ठेवून जायची एखाद्या दिवशी. नकोच ते. तिची लेक डोरीन आली आहे डॅलसहून, घेऊन जाणार तिला. तिथे अशा लोकांसाठी जागा असते."

अशा लोकांसाठी. मला शहाऐंशी थांब्यांची बस आठवली. कोणाचं पोर कुठे उतरतं, कोणाची आई कामावरून उशिरा येते, कोणाला थांब्यावर न सोडता आजोबांच्या दारात सोडायचं, हे सगळं या बाईने कधी कागदावर लिहून ठेवलं नव्हतं. मी काही न घेता रांगेतून बाहेर पडलो.

तिसऱ्या आठवड्यात कुत्र्याची केस बंद झाली. पुरावा म्हणून ठेवलेलं पिस्तूल परत द्यायचं होतं. सार्जंट टकर म्हणाले, "तू ओळखतोस ना त्यांना? तूच देऊन ये. मुलीच्या हातात दे, म्हातारीच्या नको."

मी खाकी पाकिटात पिस्तूल आणि मॅगझिन घेतलं. गोळी सदऱ्याच्या खिशात टाकली, त्याच खिशात. सांगायचं असं ठरवून गेलो होतो असं म्हणालो तर ते खोटं होईल. फाटकापर्यंत माझं काहीच ठरलेलं नव्हतं.

दार डोरीनने उघडलं. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, दमलेली. आत सगळीकडे खोकी. व्लास्टाबाई स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला होता, बाहेर फक्त दोन बोटांची टोकं होती.

"ये," त्या म्हणाल्या. "कोलाची नाहीये. एका हाताने कणीक मळता येत नाही, करून बघितलं."

"कसा आहे हात?"

"आहे. म्हणजे जागेवर आहे. मुठीचं काम संपलं म्हणतात."

डोरीनने पाकीट माझ्या हातातून घेतलं आणि हळूच मला म्हणाली, "हे मी विकून टाकते. तिला दाखवू नका. डॉक्टरांनी तपासलं तिला. घड्याळाचं चित्र काढून दाखवा म्हणाले, तर काटे भलतीकडेच काढले."

"डाव्या हाताने काढलं ते!" व्लास्टाबाई आतून म्हणाल्या. "कान शाबूत आहेत माझे. तू काढून दाखव डाव्या हाताने." मग त्यांचा आवाज उतरला. "पण बरोबर आहे तिचं. मी विसरले ते विसरलेच. उद्या चहाचं भांडं विसरेन. गुरुवारी जातोय आम्ही, डेल्बर्ट. घराची किल्ली मी मारेककडे देऊन ठेवलीये, तो गिऱ्हाईक बघेल."

घर अजून विकलं गेलं नव्हतं. गुरुवारला दोन दिवस होते. मी उभा होतो आणि माझी बोटं खिशात त्या गोळीवर होती. चौथीत असताना चार थांबे लागले होते. इथे तीन आठवडे झाले होते आणि बसमध्ये त्या एकट्याच बसलेल्या होत्या.

मी गोळी काढून टेबलावर ठेवली. ती थोडी घरंगळली आणि साखरेच्या बरणीला टेकून थांबली.

"तुम्ही विसरला नाहीत," मी म्हटलं. "त्या दिवशी दिव्यासाठी गाडी थांबवली, तेव्हा नळीतली मी काढली. खिशात टाकली आणि परत द्यायची राहिली. कुत्रं आलं तेव्हा ती माझ्या गाडीत होती. तिथे आलो त्याच दिवशी मला कळलं होतं. मी बोललो नाही."

डोरीनच्या हातातून चिकटपट्टीचं रीळ खाली पडलं. तिने ते उचललं नाही. मला वाटलं आता ती ओरडेल आणि ओरडली तर बरं होईल. पण बोलल्या त्या व्लास्टाबाई, आणि त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्यांनी डाव्या हाताने गोळी उचलली, उलटी केली, बुडाचा लाल ठिपका अंगठ्याने चोळला.

"माझ्या नखांचा रंग आहे हा," त्या म्हणाल्या. "अल्फॉन्स घरीच गोळ्या बनवायचा. आपल्या ओळखू याव्यात म्हणून माझी बाटली घेऊन एकेकीला ठिपका लावत बसायचा. मी ओरडायचे, रंग संपतो म्हणून."

अल्फॉन्स म्हणजे त्यांचा नवरा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"दवाखान्यात गेला त्याच्या आदल्या दिवशी इथेच बसला होता," त्या पुढे म्हणाल्या. "मला तो वरचा भाग ओढता येत नाही, माझ्या बोटांत जोर नाही. कधीच नव्हता, तोच ओढून द्यायचा. मला म्हणाला, व्लास्टा, एक नळीत चढवून ठेवलीये, तुला फक्त चाप ओढायचाय, बाकी कशाला हात लावू नकोस. मी नाही लावला. दोन वर्षं ती तिथे आहे म्हणून त्या वळणावरून एकटी गेले. आणि मग चाप ओढला तर टक्."

त्यांनी गोळी टेबलावर उभी ठेवली. डोरीन खोक्यावरच बसली.

"तीन आठवडे मी इथे पडून एवढाच विचार केला. एकतर तो खोटं बोलला, नाहीतर माझं डोकं गेलंय. तिसरं काही मला सुचलंच नाही. तुझं नाव डोक्यात कसं येईल? 'सगळं मिळालं ना' असं तू विचारलं होतंस, मी 'मिळालं' म्हटलं होतं." त्यांनी गोळी मुठीत घेतली. "मग मी म्हटलं, माझंच डोकं गेलंय असं धरू. मेलेल्या माणसाला खोटं कशाला पाडायचं?"

 मला वाटत होतं मी त्यांचा हात घालवला, फार तर घर घालवलं. तीन आठवडे त्या रात्रंदिवस नवऱ्याला वाचवण्यासाठी स्वतःला वेड्यात काढत होत्या आणि त्या वेळात मी शाबासक्या घेत फिरत होतो. माझे डोळे भरून आले आणि त्याचीही मला लाज वाटली.

"माफ करा, व्लास्टाबाई."

"ते नंतर बघू. हाताचं ओझं तुझं तू वागव, मी काही ते उतरवून देणार नाही." त्या डोरीनकडे वळल्या. "ऐकलंस ना? मग त्या खोक्यातून माझी भांडी काढ आणि मारेककडून किल्ली घेऊन ये." मग परत माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे अजून कोणाला सांगितलंस?"

"नाही."

"तुझ्या साहेबाला?"

"नाही."

"त्या कॅमेऱ्याला?"

"त्यालाही नाही."

त्या टेबलाला धरून उठल्या, ओसरीवर आल्या आणि तिथल्या खुर्चीत बसल्या. अंगणात माझी गाडी उभी होती.

"दिवे लाव," त्या म्हणाल्या.

मी गाडीचं दार उघडून दिवे लावले. लाल-निळा उजेड भरदुपारी त्यांच्या पांढऱ्या भिंतीवर फिरायला लागला. रस्त्यापलीकडचे शेजारी गवत कापायचं सोडून बघायला लागले. कॅमेऱ्यावरचा बारीक ठिपका लागला.

"आता समोर उभा राहा. मी राहिले होते तिथे. हात बॉनेटवर."

मी हात ठेवले. बॉनेट तापलेलं होतं. मी नाव सांगितलं, बिल्ल्याचा नंबर सांगितला, तारीख सांगितली. सांगितलं की मी व्लास्टा कुबेना यांच्या पिस्तुलातली गोळी काढून घेतली आणि परत दिली नाही, आणि अहवालात 'सर्व' असं लिहिलं. आवाज बॉनेटच्या पलीकडे जात नव्हता. बढती गेली, कदाचित नोकरीही जाईल, हे मला कळत होतं.

"डेल्बर्ट," ओसरीवरून त्या म्हणाल्या. त्यांची डावी मूठ मांडीवर बंद होती. "शेवटच्या सीटपर्यंत ऐकू आलं पाहिजे."

मी घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने सांगायला लागलो.